इजिप्तला ग्रुप नेताना: तिसऱ्या देवळानंतर लोक ऐकायचे का थांबतात?

प्रश्न असा आहे: "पुढच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच 35 जणांचा मराठी ग्रुप घेऊन इजिप्तला जातोय. बहुतेक मंडळी साठीच्या पुढची. 8 रात्री: कैरो, आस्वान, क्रूझ, लक्सर, परत कैरो. जुने टूर लीडर सांगतात, तिसऱ्या देवळानंतर लोक बसमधून उतरायलाच तयार नसतात. इतिहास सांगायचा कसा आणि आजचा इजिप्त दाखवायचा कुठे?"

जुने लीडर सांगतात ते खरं आहे. फक्त लोक देवळांना कंटाळत नाहीत, नावांना कंटाळतात. इजिप्तमध्ये राजघराणीच तीसच्या वर. त्यात चार अमेनहोतेप, चार थुतमोस आणि अकरा रामसेस. पहिल्या दिवशी वह्या काढून लिहून घेणारे निवृत्त शिक्षक असतात ना, तेही नाईलकाठच्या कोम ओम्बोच्या देवळापर्यंत वही बंद करतात. तेव्हा निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये तीनच नावं द्या: पिरॅमिडवाला खुफू, स्वतःला फेरो, म्हणजे राजा, म्हणवून घेणारी हातशेपसुत आणि जिकडे तिकडे पुतळे उभारणारा रामसेस दुसरा. बाकीचे राजे समोर आले की त्या तिघांच्या आधीचे की नंतरचे, एवढंच सांगायचं.

आणि काळाचं माप द्या. इ.स.पू. 2560 आणि इ.स.पू. 1279 असे आकडे म्हटले की ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच, 'फार जुने' वाटतात. मी सांगते, गौतमीपुत्र सातकर्णीपासून ज्ञानेश्वरीपर्यंत जेवढा काळ गेला, साधारण तेवढाच खुफूपासून रामसेसपर्यंत गेला. म्हणजे रामसेसलाही पिरॅमिड पुराणकाळातलेच वाटत होते. त्याचा मुलगा खाएमवासेत जुन्या पिरॅमिडांची डागडुजी करवून घेत असे, आणि कैरोजवळच्या सक्काऱ्याला उनास राजाच्या पिरॅमिडवर त्याने तसा लेखही कोरून ठेवलाय. स्फिंक्सच्या दोन पंजांच्या मधली शिळा थुतमोस चौथ्याची, इ.स.पू. 1400 च्या सुमाराची. वाळूत गाडला गेलेला स्फिंक्स आपण स्वप्नातल्या आज्ञेवरून मोकळा केला, अशी कथा तिच्यावर आहे. एवढं सांगितलं की लोक स्वतःच हिशेब करायला लागतात.

पहिल्या दोन दिवसांचा क्रम शक्य असेल तर बदलून घ्या. बहुतेक कार्यक्रमांत गिझा आधी आणि सक्कारा ऑप्शनल असतं. मी उलट करते. आधी सक्कारा, मग दाहशूर, शेवटी गिझा. सक्काऱ्याला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, त्याच्या इम्होतेप नावाच्या अधिकाऱ्याने बांधलेला: ओट्यावर ओटा, असे सहा. दाहशूरला खुफूच्या बापाचे, स्नेफेरूचे, दोन. पहिल्याच्या उताराचा कोन सुमारे 54 अंशांनी सुरू होतो आणि निम्म्यावर 43 अंशांवर येतो, कारण बांधता बांधता तडे जायला लागले. आजही तो वाकलेला दिसतो. शेजारचा लाल पिरॅमिड सुरुवातीपासूनच बेताच्या कोनाचा. हे तीन पाहून गिझाला गेलेला माणूस 146 मीटरचा पिरॅमिड एकदम आकाशातून पडला असं म्हणत नाही. कोणी काय करून पाहिलं, कुठे फसलं आणि मग कसं जमलं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. (लाल पिरॅमिडच्या आत जाता येतं. पण वाट अरुंद, उताराची आणि वाकून जायची. गुडघे दुखणाऱ्यांना बाहेरच बसवा, उगाच भरीला घालू नका.)

तरीही एक काका असतातच, 'हे माणसाचं काम नव्हे' म्हणणारे. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना मेररची गोष्ट सांगा. 2013 मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पपायरसचे तुकडे सापडले. खुफूच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षांतलं, मेरर नावाच्या एका मुकादमाचं ते रोजचं टिपण आहे. चाळीसेक माणसांची टोळी, नदीपलीकडच्या तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरायचे, गिझाला उतरवायचे, परत जायचं. दहा दिवसांत दोन-तीन फेऱ्या. आज कुठे मुक्काम, उद्या कुठे, धान्य कधी आलं. पिरॅमिडच्या दक्षिणेला कामगारांची वस्ती खणून काढलीय, जवळच्या टेकडीवर त्यांची थडगी आहेत. गुलामांना कोणी राजाच्या थडग्याच्या सावलीत पुरत नाही. काका गप्प होतात असं नाही, पण बाकीचे 34 जण मेररच्या बाजूला येतात.

दुसरा प्रकार व्हॉट्सॲपवरून येतो: 'रामसेस म्हणजे राम, ही सगळी आपलीच संस्कृती.' रा हा त्यांचा सूर्यदेव, नाव त्याच्यावरून पडलं, एवढं सांगून पुढे व्हा आणि खरा संबंध सांगा, कारण तो या मजकुरापेक्षा कितीतरी मोठा आहे. तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं बंदर होतं. तिथल्या उत्खननात देवळाच्या आवारात भारतीय बनावटीचा रांजण सापडला, त्यात साडेसात किलो काळी मिरी. सागवान सापडलं, बुद्धाची मूर्ती सापडली, संस्कृत लेख सापडला आणि सातवाहनांची दोन नाणीही. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण, तेर आणि कल्याण यांची नावं आहेत. ग्रुपमध्ये मराठवाड्यातलं कोणी असेल तर तेरचा उल्लेख मुद्दाम करा. बेरेनिके आपल्या वाटेवर नाही, पण आस्वान ते लक्सर बोटीत रिकामा वेळ भरपूर मिळतो. गोष्ट तेव्हासाठी राखून ठेवा.

आता लक्सरचं देऊळ. माझ्या मते सगळ्या टूरचं मर्म इथे आहे आणि नेमकं इथेच घाई होते, कारण दिवसभर कार्नाकचं मोठं देऊळ आणि नाईलचा पश्चिम काठ फिरून लोक दमलेले असतात. दुसरं काहीही कापा, हे संध्याकाळी निवांत दाखवा. आत गेल्यावर पहिल्या चौकात डावीकडे वर बघायला सांगा. देवळाच्या खांबांवर चक्क एक मशीद उभी आहे. अबू अल-हज्जाजची, तेराव्या शतकातल्या सूफी संताची. तिचं जुनं दार भिंतीत अधांतरी लटकल्यासारखं दिसतं, खालच्या फरशीपासून माणसाच्या कितीतरी उंच. काही न सांगता एक मिनिट थांबा. कोणीतरी विचारतंच: तिथे चढायचे कसे? उत्तर असं की, मशीद बांधली तेव्हा जमीनच तिथे होती. देऊळ गाळात, मातीत आणि घरांच्या ढिगाऱ्यात एवढं गाडलं गेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खणायला सुरुवात झाली. वरची घरं हलवली, मशीद राहिली. आजही तिथे नमाज होतो. मागच्या बाजूने गावातल्या रस्त्यावरून मशिदीत जाता येतं, आणि आत भिंतीत रामसेसच्या काळचे कोरीव खांब आणि चित्रलिपी उघडी ठेवलेली आहे.

तिथून सरळ आत चालत गेलात की थर उलगडत जातात. रामसेसचा चौक, मग त्याच्या आधीच्या अमेनहोतेप तिसऱ्याचे उंच खांब, पुढे एका दालनात जुन्या कोरीव कामावर गिलावा करून रोमन अधिकाऱ्यांची चित्रं रंगवलेली, आणि गाभाऱ्याजवळ अलेक्झांडर, फेरोच्या वेषात, अमून देवासमोर उभा. या आवारात ख्रिस्ती चर्चही झालं होतं. साडेतीन हजार वर्षं एकाच जागी कोणी ना कोणी हात जोडत आलंय. एरवी लांबलचक व्याख्यान द्यावं लागलं असतं, इथे दोनेकशे मीटर चालायचं.

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यात गेलात तर अबू अल-हज्जाजचा उरूस, तिथल्या भाषेत मूलिद, सापडू शकतो. मिरवणुकीत होड्या निघतात, देवळाच्या भोवती गावातून फिरतात. प्राचीन काळी ओपेत उत्सवात अमूनची होडी कार्नाकहून याच देवळात येत असे. देवळाच्या भिंतीवर ती मिरवणूक कोरलेली आहे: होडी खांद्यावर घेतलेले पुजारी, वाजंत्री, कोलांट्या मारणाऱ्या नर्तिका, कापायला आणलेले पुष्ट बैल. दोन्हींचा थेट धागा आहे की नाही यावर अभ्यासकांत मतं आहेत. गावकऱ्यांना त्याची फिकीर नाही.

होडी दाखवली की 'अरे, ही तर आपली पालखी' असं कोणीतरी म्हणतंच. म्हणू दे, ओळख पटली की माणूस जवळ येतो. पण तिथेच थांबू देऊ नका. सगळं 'आपल्यासारखंच' ठरवलं की पुढचं बघणं संपतं. फरक विचारा: आत कोण जाऊ शकत होतं? सामान्य माणूस देवळाच्या आत जातच नसे. वर्षातून काही वेळा देवच बाहेर येई, तोही होडीवरच्या देव्हाऱ्यात झाकलेला. हे कळलं की त्या मिरवणुकीला एवढी गर्दी का होती ते समजतं.

पश्चिम काठावर राजांच्या खोऱ्यात साध्या तिकिटात तीन थडगी पाहता येतात. तुतनखामेन, सेती पहिला यांची तिकिटं वेगळी. गाईडला थडग्यांच्या आत बोलायची परवानगी नसते, म्हणून जे सांगायचं ते बाहेर सावलीत, चित्र दाखवून. वयस्कर मंडळींना रामसेस चौथ्याचं थडगं सोपं पडतं, वाट रुंद आणि उतार हलका. भिंतीवर नंतरच्या ग्रीक आणि कॉप्टिक (म्हणजे इजिप्तमधल्या ख्रिस्ती) लोकांनी खरडलेलं आहे, तेही दाखवा. पर्यटकांची जातही जुनीच. तुतनखामेनचं थडगं लहान आहे, सोनं सगळं कैरोत. पण त्याचा देह अजून तिथेच आहे. काहींना त्यासाठी पैसे द्यावेसे वाटतात, काहींना नाही. आधी स्पष्ट सांगा म्हणजे नंतर कुरकुर नाही.

देर अल-मदिना मात्र सोडू नका, आयटिनररीत नसेल तर घालून घ्या. राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांचं हे गाव. घरांच्या भिंती कमरेएवढ्या उरल्यात, गल्ली एकच, खोल्या ओळीने एकामागे एक. बायका इथे लगेच घर लावायला घेतात: ही ओटी, हे माजघर, इथे चूल, मागे जिन्याने गच्ची. दगडाच्या आणि खापराच्या तुकड्यांवर या लोकांनी सगळं लिहून ठेवलंय. रामसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षाचं एक हजेरीपत्रक आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कोण कामावर आला नाही आणि का: डोळे आलेत, विंचू चावला, घरी बिअर गाळत होता, आईचं प्रेत गुंडाळायचं होतं, बायकोला किंवा मुलीला पाळी आली होती. ही कारणं वाचून दाखवा. नोकरीत जन्म गेलेली आपली माणसं तीन हजार वर्षांपूर्वीच्या रजेच्या अर्जावर जेवढी बोलतात तेवढी कुठल्याही राजावर बोलत नाहीत.

याच गावच्या लोकांनी रामसेस तिसऱ्याच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ.स.पू. 1157 च्या सुमाराला, काम बंद केलं. पगार धान्यात असे आणि तो थकला होता. हत्यारं टाकून ते जवळच्या देवळामागे जाऊन बसले आणि अधिकाऱ्यांना सांगितलं की भुकेने आणि तहानेने इथे आणलंय. कपडे नाहीत, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. लेखी नोंद असलेला जगातला हा पहिला संप. गिरणगावातलं कोणी ग्रुपमध्ये असेल तर बाकीचं तेच बोलतील.

गावाशेजारी सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं आहे. जिना अरुंद, आत एका वेळी थोडीच माणसं मावतात, पण रंग काल लावल्यासारखे. मेल्यानंतरच्या शेतात नवरा गव्हाच्या ओंब्या कापतोय, खाली तोच नांगर धरून, पुढे ठिपकेवाल्या गुरांची जोडी, आणि बायको मागून बी टाकत चाललीय. दोघेही पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, अंगाला माती नाही. कारागिराने स्वतःसाठी मागितलेला स्वर्ग म्हणजे चांगलं पिकणारं शेत. बाहेर आलात की समोर खरीखुरी शेतं दिसतात. तिथे बस थांबवा. ऊस, बरसीम, गहू. हिवाळ्यात उसाची तोड चालू असते आणि छोट्या रुळांवरून ऊस कारखान्याला जातो. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसांना तिथून हलवणं अवघड. ऊस प्राचीन नव्हे, तो अरबांच्या काळात आला, हे सांगा. आणि आपल्याकडचं बरसीम इजिप्तहून आलं, हेही.

शेतकऱ्याशी दुभाष्यामार्फत दोन वाक्यं बोलता आली तर महिना कोणता चाललाय ते विचारा. कॉप्टिक पंचांगाचे महिने शेतीसाठी मुसलमान शेतकरीही वापरतात, आणि त्या महिन्यांची नावं फेरोंच्या काळातून आलेली आहेत. जानेवारीचा तोबा म्हणजे कडाक्याची थंडी, तरुणीची म्हातारी करणारा, असं ते म्हणतात. त्यानंतरचा अमशीर वावटळींचा. गव्हाच्या पेरणीचा हातूर म्हणजे विखुरलेल्या सोन्याचा बाप. हातूर हे नाव हाथोर देवीचं. हातशेपसुतच्या देवळात खांबांवर गायीच्या कानांची जी बाई सकाळी पाहिली, तीच.

जेवणाचं. मराठी ग्रुपला थेपले, चिवडा, लोणचं बरोबर हवंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण शाकाहारी माणसाला इजिप्तमध्ये उपाशी राहायची वेळ येत नाही. फूल म्हणजे रात्रभर शिजवलेले बाकल्याचे दाणे, सकाळी गाडीवर मिळतात. तामिया हे त्याच दाण्यांचे वडे. कोशरीत भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि टोमॅटो-व्हिनेगरचा झणका. मुलुखिया दिसते पालेभाजी, पण बहुधा कोंबडीच्या किंवा सशाच्या रश्श्यात करतात, विचारून घ्या. नुसतं 'लहमा नको' म्हणाल तर चिकन येईल, कारण लहमा म्हणजे त्यांच्या लेखी मटण-बीफ. त्यापेक्षा 'सियामी' आहे का विचारा. कॉप्टिक ख्रिस्ती वर्षातले दोनशेहून जास्त दिवस उपास करतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी काही चालत नाही. तो शब्द उच्चारला की वेटर तुमची अडचण एका क्षणात ओळखतो. काही उपासांत मासे चालतात, तेवढं पुन्हा विचारा. आणि जेवता जेवता कॉप्टिक लोकांबद्दल बोलणं निघतंच, दुसऱ्या दिवशी जुन्या कैरोतलं हँगिंग चर्च पाहताना तिथली चित्रं परकी वाटत नाहीत.

कैरोत एक संध्याकाळ मुइझ रस्त्यासाठी ठेवा. खान अल-खलीलीत खरेदीला दीड तास पुरे. तिथून बाब झुवेला ही जुनी वेस ओलांडून तंबूवाल्यांच्या गल्लीत जा. पुरुष मांडी घालून कापडावर कापडाचे तुकडे शिवत बसलेले असतात. पूर्वी मांडवांसाठी, आता भिंतीवर लावायला. तिथे घासाघीस बेताने करा, ते हाताचं काम आहे. येती काही वर्षं रमजान हिवाळ्याच्या सीझनमध्येच येणार आहे. पुष्कळ एजंट तो टाळायला सांगतात. मी टाळत नाही. दुपारी शहर सुस्त असतं, स्थळांच्या वेळा आधी तपासाव्या लागतात, पण सूर्यास्तानंतरचं कैरो त्या महिन्याइतकं कधीच जागं नसतं. ग्रुपला एवढंच सांगा की दिवसा रस्त्यात उभं राहून खाऊ-पिऊ नका.

अबू सिंबेलला पहाटे उठवल्याची तक्रार होईल, होऊ द्या. पण आस्वानच्या मोठ्या धरणात बुडू नये म्हणून देऊळ 1964 ते 1968 मध्ये कापून 65 मीटर वर उचललं, एवढंच सांगून परतू नका. त्याच धरणासाठी दक्षिणेकडच्या सुमारे पन्नास हजार नूबियन लोकांना गावं सोडावी लागली आणि कोम ओम्बोजवळ वसवलेल्या नव्या गावांत जावं लागलं. देवळं वाचवायला जग धावून आलं, गावं पाण्याखाली गेली. क्रूझ कोम ओम्बोला लागते तेव्हा हे सांगायची जागा आहे. कोयना, उजनीचे धरणग्रस्त आपल्या ग्रुपमध्ये असतात. आस्वानचं नूबिया म्युझियम त्यासाठी दाखवा. नूबियन गावात पिंजऱ्यातली मगर हातात घेऊन फोटो काढायचा कार्यक्रम असतो, तो मी सरळ गाळते. घरात बसून करकदे, म्हणजे अंबाडीच्या जातीच्या लाल फुलांचं सरबत, पिऊन, भिंतींवरची चित्रं पाहून परत येतो.

ग्रँड इजिप्शियन म्युझियम शेवटच्या दिवशी ठेवा. नोव्हेंबर 2025 मध्ये ते रीतसर उघडलं आणि तुतनखामेनच्या पाच हजारांहून जास्त वस्तू तिथे पहिल्यांदाच एकत्र मांडल्यात. पहिल्या दिवशी नेलंत तर लोक सोनं बघतात. शेवटी नेलंत तर तुतनखामेनच्या चपला, काठ्या, पलंग बघतात आणि 'हे देर अल-मदिनावाल्यांनी केलं असेल का' असं विचारतात. अर्धा दिवस कमीत कमी.

आणि हे सगळं तुम्ही सांगायचं नाही, हे लक्षात असू द्या. स्थळांवर बोलायचा परवाना इजिप्शियन गाईडचा. त्यातले पुष्कळ विद्यापीठात हा विषय शिकलेले असतात. तुमचं काम बसमध्ये आणि बोटीत. आदल्या रात्री गाईडबरोबर बसून उद्याच्या जागी कोणत्या दोन गोष्टी दाखवायच्या ते ठरवा आणि त्याला आमच्या लोकांना आकडे नकोत, माणसं हवीत असं सांगा. त्याचं स्वतःचं गाव कुठलं, लग्नात काय करतात, भाकरी किती महागली, हे लोकांना विचारू द्या. बक्षिशीचे सुटे पाउंड पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून गोळा करून एका पाकिटात ठेवा, नाहीतर प्रत्येक स्वच्छतागृहाच्या दारात तुमचा अर्धा तास जाईल.